एकतारी पाक आणि अवरक्त किरण

परवा भाचीनं फोनवर एक फोटो पाठवला. ती एका रेझिनच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनियर आहे. फोटोत कंट्रोल रूममधला मॉनिटर, त्यावर एक हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरत गेलेली. खाली मजकूर : "मामा, ही बॅचची ॲसिड व्हॅल्यू. दर अर्ध्या मिनिटाला नवा आकडा. तुझ्या वेळी हे कसं करायचे?"

"तुझ्या वेळी" हे शब्द वाचून आधी स्वतःच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. मग उत्तर लिहायला घेतलं. ते फोनवर मावेना, म्हणून इथे लिहितोय.

घरातल्या बऱ्याच जणांची समजूत आहे की मी आयुष्यभर "रंगाच्या कंपनीत" होतो. ते अर्धवट खरं आहे. मी रंगाच्या आतल्या रेझिनमध्ये होतो. ऑइल पेंट भिंतीला, लोखंडाला चिकटून बसतो, चकाकतो, वाळून कडक होतो ते सगळं रेझिनमुळे. आमचं मुख्य उत्पादन अल्किड रेझिन. जवसाचं नाहीतर सोयाबीनचं तेल, ग्लिसरीन किंवा पेंटाएरिथ्रिटॉल, आणि थॅलिक अनहायड्राइड हे मोठ्या केटलमध्ये घालायचं आणि दोनशेतीस-चाळीस अंशांवर तासन् तास शिजवायचं. हो, शिजवायचंच. कारखान्यात त्याला "कुकिंग" हाच शब्द होता. आम्ल आणि अल्कोहोल यांची सांधेजोड होत जाते, प्रत्येक सांध्यामागे पाण्याचा एक रेणू सुटतो, तो झायलीनच्या वाफेबरोबर वर जातो, थंड होऊन डिकॅंटरमध्ये साठतो. इकडे केटलमध्ये साखळ्या लांबत जातात, एकमेकींत गुंततात आणि माल घट्ट होत जातो.

ज्यांनी घरी लाडवांसाठी पाक केलाय त्यांना पुढचं समजावून सांगायला नको. एकतारी, दोनतारी, गोळीबंद. कुठे थांबायचं हे चुकलं की सगळं चुकलं. फरक एवढाच, की बिघडलेल्या पाकात पाणी घालून तो पुन्हा गॅसवर ठेवता येतो. रेझिनचा गोळीबंद पाक झाला तर तो परत येत नाही. सगळ्या साखळ्या मिळून एकच अवाढव्य रेणू होतो, केटलच्या आकाराचा. आमच्या भाषेत "बॅच जेल झाली."

बेकलंडला हे पहिल्यापासून कळलं होतं. लिओ बेकलंड हा बेल्जियममधून अमेरिकेत गेलेला रसायनशास्त्रज्ञ. शेलॅक, म्हणजे आपली लाख, तेव्हा बहुतांशी हिंदुस्थानातून जायची. तिला पर्याय शोधता शोधता 1907 साली त्यानं फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बेकलाइट तयार केलं. त्याच्या आधीही लोकांनी हे दोन पदार्थ एकत्र तापवले होते, पण हाती लागायचा तो कशातही न विरघळणारा दगड. बेकलंडनं प्रक्रियेचे ए, बी, सी असे तीन टप्पे वेगळे ओळखले आणि मधे कुठे थांबायचं ते शोधलं. माझ्या मते त्याचा मोठेपणा त्या थांबण्यात आहे. रेझिनचा धंदा तिथपासून आजपर्यंत थांबण्याचाच धंदा आहे.

पण थांबायचं कधी हे कळणार कसं?

आमच्याकडे दोन रस्ते होते. पहिला प्रयोगशाळेचा. ऑपरेटर सॅम्पल काढायचा, हेल्पर ते लॅबमध्ये आणायचा. मी त्यातलं थोडं वजन करून टोल्युइन-अल्कोहोलमध्ये विरघळवायचो, फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकायचो आणि ब्युरेटमधून थेंब थेंब पोटॅशियम हायड्रॉक्साइड सोडायचो, गुलाबी रंग टिकेपर्यंत. एक ग्रॅम रेझिनमधलं उरलेलं आम्ल मारायला किती मिलिग्रॅम पोटॅश लागलं, ती ॲसिड व्हॅल्यू. मग व्हिस्कॉसिटी : काचेच्या नळीत माल भरायचा, उलटी करायची आणि हवेचा बुडबुडा कसा वर चढतो ते ए पासून झेडपर्यंतच्या प्रमाण नळ्यांशी ताडून बघायचं. सगळं नीट केलं तर अर्धा तास. तेवढ्यात केटल थांबून राहिलेली नसते. माझ्या वहीतला आकडा खरा असायचा, पण तो अर्ध्या तासापूर्वीच्या मालाचा असायचा. उल्का पडून गेल्यावर आकाशाकडे बोट दाखवावं तसं.

दुसरा रस्ता अण्णांचा. अण्णा म्हणजे आमचे सर्वांत जुने ऑपरेटर. शिक्षण सातवी. ते काचेच्या तुकड्यावर थेंब टाकून तो गार होऊ देत, बोटानं तार काढत, वास घेत. कधी गरम प्लेटवर थेंब ठेवून काडीनं ढवळत आणि किती सेकंदांत तो रबरासारखा होतो ते मनात मोजत. आणि म्हणत, "अजून पाऊण तास." बहुतेक वेळा पाऊण तासच लागायचा.

1986 च्या पावसाळ्यातली गोष्ट. कारखान्याचं नाव सांगत नाही, आता तो त्या नावानं नाहीही. रात्रपाळी होती. लॅबमध्ये मी एकटा. दोन वाजता सॅम्पलची ॲसिड व्हॅल्यू 14 आली होती, दहाच्या खाली आली की माल थिनिंग टाकीत सोडायचा. नेहमीच्या हिशोबानं अजून दोन तास. तीन वाजता सॅम्पल आलं, टायट्रेशन केलं, उत्तर आठच्या आसपास. मला ते पटेना. इतकं भरभर उतरत नाही. अल्किड तपकिरी असतं, त्यात गुलाबी रंग दिसणं कठीण, माझंच काही चुकलं असेल असं वाटलं. म्हणून मी टायट्रेशन पुन्हा करायला घेतलं. हे अगदी पुस्तकाप्रमाणे होतं. शंका आली तर पुन्हा करा.

तिकडे अण्णा प्लेटवरचा थेंब बघून सुपरवायझरला म्हणत होते, "साहेब, सोडा खाली." सुपरवायझर नवीन होते, ते म्हणाले लॅबचा आकडा येऊ द्या. थर्मिक फ्लुइडचा एक व्हॉल्व्ह पास होत होता, माल दहा-बारा अंश जास्त तापला होता आणि तापमानाचा काटा वेगळ्याच जागचं तापमान दाखवत होता, हे सगळं नंतर कळलं. मी दुसरा आकडा घेऊन, पहिल्यासारखाच आठ, धावत खाली पोचलो तेव्हा ढवळणीच्या मोटरचा आवाज बदलला होता. तो आवाज मी कधी विसरलो नाही. आधी ओढ, मग घरघर, मग ट्रिप.

ते रेझिन काढायला चार दिवस लागले. केटल गार झाल्यावर मॅनहोलमधून दोन हेल्पर आत उतरायचे, छिन्नी-हातोडीनं तुकडे पाडायचे, बादल्यांनी बाहेर काढायचे. वर एक ब्लोअर लावलेला, बस्स. दुसऱ्या दिवशी त्यातला एक आतच चक्कर येऊन पडला. दोराला बांधलेला होता म्हणून ओढून काढता आला. वाचला. पण नंतर तो केटलजवळ फिरकला नाही, पॅकिंगला बदली करून घेतली. वीस-एक वर्षांचा असेल. त्याच्यापेक्षा मी चार-पाच वर्षांनीच मोठा होतो.

माझ्यावर कोणी ठपका ठेवला नाही. दोन्ही आकडे वहीत होते, दोन्ही बरोबर होते. अण्णाही काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझं उत्तर खरं होतं, पण ते उशिरा आलं."

असो. भाचीचा प्रश्न होता तुझ्या वेळी कसं करायचे. तर असं करायचे. आता तिच्या हिरव्या रेघेकडे वळतो, कारण ती रेघ कुठून आली याचा मी पुढे बराच शोध घेतला आणि ती गोष्ट मला या रात्रीइतकीच जवळची वाटते.

सुरुवात होते 1800 साली, इंग्लंडमध्ये. विल्यम हर्शल. युरेनस शोधणारा म्हणून आपण त्याला ओळखतो, पण पोटापाण्याला तो मुळात संगीतकार, बाथ शहरातल्या एका चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवणारा. सूर्याकडे दुर्बिणीतून बघताना वेगवेगळ्या रंगांच्या काचांमधून डोळ्याला कमी-जास्त ऊब लागते हे त्याच्या लक्षात आलं. म्हणून त्यानं लोलकातून सूर्यप्रकाश टेबलावर पाडला आणि काळे केलेले थर्मामीटर एकेका रंगात ठेवले. जांभळ्यापेक्षा हिरव्यात जास्त, हिरव्यापेक्षा तांबड्यात जास्त. मग थर्मामीटर तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही अशा जागी सरकवला. तिथे पारा सगळ्यांत वर. हे अवरक्त किरण. त्याचा लोलक काचेचा, आणि काच फार दूरचे अवरक्त किरण जाऊ देत नाही. त्यामुळे त्याला सापडला तो पट्टा तांबड्याला लागून असलेला, "निकट अवरक्त". नेमका हाच पट्टा भाचीच्या केटलमध्ये आहे. सगळ्यांत आधी सापडला आणि कामाला सगळ्यांत शेवटी लागला.

1881 साली ॲबनी आणि फेस्टिंग या दोघांनी खास तयार केलेल्या फोटोच्या काचांवर या पट्ट्यात सेंद्रिय द्रवांचे वर्णपट घेतले आणि काळ्या रेषांचा संबंध रेणूतल्या हायड्रोजनशी जोडला. पण पुढच्या लोकांचं लक्ष दूरच्या अवरक्ताकडे गेलं, आणि ते बरोबरच होतं. रेणूतले बंध स्प्रिंगांसारखे कंप पावतात आणि त्यांचे मूळ सूर तिथे असतात. अमेरिकेत विल्यम कोब्लेंट्झनं मिठाच्या स्फटिकाचा लोलक वापरून शंभरावर संयुगांचे वर्णपट बिंदू बिंदू जोडून काढले आणि 1905 मध्ये छापले. प्रत्येक पदार्थाची वेगळी सही, हे त्यातून दिसलं. पण रसायनशास्त्राच्या बहुतेक प्रयोगशाळांनी पुढची तीसेक वर्षं तिकडे फारसं पाहिलं नाही. उपकरणं हातानं बनवायची, आणि हवेतल्या दमटपणानं मिठाचे लोलक खराब व्हायचे. (मुंबईत तर विचारूच नका. आमच्या लॅबमधल्या पहिल्या इन्फ्रारेड यंत्राच्या मिठाच्या खिडक्या आम्ही जुलै महिन्यात डेसिकेटरमध्ये देवासारख्या जपायचो.)

कारखान्यात हा प्रकाश आला तो दोन बाजूंनी, आणि दोन्हीकडे कारण युद्धाच्या आसपासचं होतं. जर्मनीत लुडविग्सहाफेनला, आय. जी. फार्बेनच्या कारखान्यात, लेहरर आणि लुफ्ट यांनी 1938 मध्ये वायूंसाठी एक यंत्र बांधलं, नाव "उरास". त्यातली युक्ती मला अजून चकित करते. लोलक नाही, काही नाही. जो वायू मोजायचा तोच वायू डिटेक्टरच्या डबीत भरून ठेवायचा. कार्बन मोनॉक्साइड मोजायचाय, तर डबीत कार्बन मोनॉक्साइड. त्याला फक्त आपल्याच सुराचे किरण शोषता येतात. पाइपमधल्या वायूनं ते किरण आधीच खाल्ले असतील तर डबीतला वायू तेवढा कमी तापतो. ज्याची ओळख पटवायची त्यालाच साक्षीदार करायचं! आणि हे यंत्र प्रयोगशाळेत नव्हतं, पाइपला जोडलेलं होतं, सतत चालू. सॅम्पल घेऊन धावणारा हेल्पर तिथे प्रथम गायब झाला.

दुसरी बाजू अमेरिकेची. डिसेंबर 1941 नंतर जपाननं मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतले आणि अमेरिकेचं नैसर्गिक रबर तुटलं. कृत्रिम रबर करायचं तर ब्युटाडाइन शुद्ध हवं. त्याच्या जवळपासचे, चार कार्बनचे भाईबंद वेगळे ओळखणं जुन्या पद्धतीनं अतिशय वेळखाऊ होतं. शेल कंपनीत रॉबर्ट ब्रॅटेन नावाचा माणूस हे काम इन्फ्रारेडनं करत होता. ट्रान्झिस्टरवाल्या वॉल्टर ब्रॅटेनचा हा भाऊ, एका घरात दोन रत्नं. त्याच्या रचनेवरून बेकमन कंपनीनं 1942 मध्ये आयआर-1 हे यंत्र तयार केलं आणि ते रबराच्या कारखान्यांकडे रवाना झालं. युद्ध संपेपर्यंत इन्फ्रारेड हे रसायनाच्या कारखान्याचं नेहमीचं अवजार झालेलं होतं.

मग आमच्या केटलमध्ये ते 1986 पर्यंत का आलं नव्हतं? हा प्रश्न मला खूप दिवस छळत होता. उत्तर असं, की मूळ सूर फार जोरकस असतात. त्या पट्ट्यात रेझिनचा केसाइतका जाड थरसुद्धा सगळा प्रकाश गिळून टाकतो. बघायचं तर दोन मिठाच्या खिडक्यांमध्ये पातळ पापुद्रा करून बघा. दोनशेतीस अंशांच्या, चिकट, उकळत्या केटलमध्ये हे कोण करणार? शिवाय काचेच्या तंतूतून तो प्रकाश जात नाही.

निकट अवरक्तात मात्र मूळ सूर नसतात, त्यांचे वरचे स्वर असतात. तानपुरा नीट लागला की कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तसेच हे. ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचा मूळ सूर दूर आहे, पण त्याचा वरचा स्वर 1400 ते 1450 नॅनोमीटरच्या आसपास अंधुक ऐकू येतो. (हर्शल हा ऑर्गनवाला, त्याला हे आवडलं असतं.) हे स्वर दुबळे, पसरट, एकमेकांत मिसळलेले. म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांना टाकून दिलं होतं. पण दुबळे असल्यामुळेच प्रकाश कित्येक मिलिमीटर रेझिनमधून आरपार जातो, आणि साध्या काचेच्या तंतूतूनही जातो. तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेण्याचं काम हॉपकिन्सबरोबर 1954 साली लंडनमध्ये छापलं ते नरिंदरसिंग कपानी यांनी, पंजाबातल्या मोग्याचा माणूस. रामनचं नाव सगळ्यांना ठाऊक, कपानींचं कोणाला नाही.

त्या टाकून दिलेल्या पट्ट्याला कामाला लावलं रसायनशास्त्रज्ञांनी नव्हे, शेतीखात्यानं. अमेरिकेच्या कृषी खात्यात बेल्ट्सव्हिलला कार्ल नॉरिस नावाचे इंजिनियर होते. त्यांचं सुरुवातीचं काम अंडी तपासण्याचं. अंडं न फोडता, प्रकाशासमोर धरून, आत काय आहे ते ओळखायचं. तिथून ते धान्यातल्या ओलाव्याकडे आले. पाण्याचा स्वर मोजताना मध्ये प्रथिनं आणि तेल लुडबुड करत होते. दुसऱ्या कोणी वैतागून सोडून दिलं असतं. नॉरिसनी विचार केला, लुडबुड करतायत म्हणजे तीही मोजता येतील. अनेक तरंगलांबींवर मोजायचं आणि गणितानं वेगळं करायचं. 1975 मध्ये कॅनडाच्या ग्रेन कमिशननं गव्हाच्या प्रथिनांसाठी ही पद्धत घेतली. तोपर्यंत तिथे 1883 पासूनची केल्डालची पद्धत होती, म्हणजे गहू सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळत बसायचं.

गणिताचा भाग स्वीडनचे स्वान्ते वोल्ड, अमेरिकेतले ब्रूस कोवाल्स्की वगैरे मंडळींनी सत्तरच्या दशकात वाढवला, "केमोमेट्रिक्स" असं नाव दिलं. 1984 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात याच कामासाठी केंद्र निघालं. गव्हाचं तंत्र हळूहळू पॉलिऑल, पॉलिएस्टर, इपॉक्सीकडे आलं. पॉलिऑलची हायड्रॉक्सिल व्हॅल्यू अशी मोजायची प्रमाण पद्धत एएसटीएमनं काढली. ती वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं, कारण जुन्या पद्धतीत पिरिडीन वापरायचे. ज्यांनी पिरिडीनचा वास घेतलाय त्यांना कळेल. माझी बायको दारातूनच ओळखायची, आज कोणतं टायट्रेशन होतं ते.

(रामन परिणामाचंही इथे एक घर आहे. 1928 मध्ये कलकत्त्यात रामन आणि कृष्णन यांनी सूर्यप्रकाश आणि रंगीत फिल्टर यांवर जे दाखवलं, ते आज लेसरनं केटलमध्ये दाखवता येतं, आणि स्टायरीनचा दुहेरी बंध संपत जाताना त्यात स्वच्छ दिसतो. पण आमचं तपकिरी अल्किड लेसर पडला की स्वतःच चमकायला लागतं आणि त्या चमकीत बिचारा रामनचा संकेत बुडून जातो. देशाभिमान बाजूला ठेवून सांगतोय.)

1997 साली मी दुसऱ्या कारखान्यात होतो, तिथे अनसॅच्युरेटेड पॉलिएस्टर करायचे. तिथे पहिल्यांदा केटलमध्ये निकट अवरक्ताचा प्रोब बसला. बोटभर जाडीची स्टीलची नळी, टोकाला नीलमण्याची खिडकी, मागे तंतूची केबल. मी तो हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. मनात 1986 ची मोटर घरघरत होती.

सगळ्यांना वाटलं, आता लॅबची सुट्टी. झालं उलटं. प्रोबला मुळात काही येत नाही. त्याला दिसतात फक्त डोंगर-दऱ्यांसारख्या पसरट रेघा. कोणत्या रेघेला ॲसिड व्हॅल्यू 40 म्हणायचं आणि कोणत्या रेघेला 30, हे त्याला कोणीतरी शिकवावं लागतं. ते शिकवलं आमच्या ब्युरेटनं. पाच महिने प्रत्येक बॅचमधून दर वीस मिनिटांनी सॅम्पल, प्रत्येकाचं दोनदा टायट्रेशन, दोन्ही जुळले तरच तो आकडा यंत्राला द्यायचा. माझा हात जेवढा स्थिर तेवढंच यंत्र हुशार. आयुष्यात इतकी टायट्रेशनं मी आधी केली नव्हती, नंतरही नाही. आणि शंका आली तर पुन्हा करा हा नियम, ज्यानं एकदा घात केला होता, तोच इथे उपयोगी पडला. घाई करायची नव्हती ना.

अजून एक. प्रकाशाला बंध दिसतात, चिकटपणा दिसत नाही. व्हिस्कॉसिटीचा आकडा यंत्र देतं, पण तो अंदाज असतो : याआधी अशी रेघ होती तेव्हा माल एवढा घट्ट होता, म्हणून आताही असेल. कच्चा माल बदलला, तेल दुसऱ्या पुरवठादाराचं आलं, की अंदाज घसरू शकतो. अण्णांचं बोट निदान प्रत्यक्ष तार काढत होतं.

आणि मग ती एक संध्याकाळ. प्रोब बसून सात-आठ महिने झाले होते. रेघ छान उतरत होती, मग सपाट झाली. ॲसिड व्हॅल्यू 38 वर स्थिर. कंट्रोल रूममध्ये मत पडलं, प्रतिक्रिया मंदावली आहे, तापमान थोडं वाढवा. एक नवा ऑपरेटर, पोरगेलासाच, म्हणाला, "पण सर, डिकॅंटरमध्ये पाणी तर पडतंय अजून."

एका क्षणात अंगावर काटा आला. सांधा जुळला की पाणी सुटतं. पाणी पडतंय म्हणजे सांधे जुळतायत, म्हणजे आम्ल कमी होतंय. मग रेघ सपाट कशी? सॅम्पल काढून मी स्वतः धावत लॅबला गेलो. टायट्रेशन एकदाच केलं. एकतीस. माल तयार होता. उष्णता बंद केली, माल गार करायला घेतला. दुसऱ्या दिवशी प्रोब बाहेर काढला तर खिडकीवर रेझिनचा पापुद्रा भाजून बसला होता. प्रोब तासाभरापासून तोच पापुद्रा इमानदारीनं मोजत होता.

अण्णा तेव्हा हयात होते. गावी जाऊन त्यांना ही हकिगत सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरगा कोणता? त्याला शिफ्टवर घेतला का कायम?" घेतला होता.

तर भाचीला मी हे सगळं थोडक्यात लिहिलं. तिच्याकडे आता प्रोबवर पापुद्रा बसला तर यंत्र स्वतः ओळखतं, इशारा देतं, असं ती म्हणते. असेल. यंत्रं फार सुधारली आहेत, आणि तिच्या कारखान्यात केटलमध्ये माणूस उतरवायची वेळ इतक्या वर्षांत एकदाही आली नाही, हे तिनं अगदी सहज लिहिलं. मी ते वाक्य दोनदा वाचलं.

शेवटी मीच तिला एक प्रश्न विचारला : फोटोतली बॅच संपली तेव्हा डिकॅंटरमध्ये एकूण पाणी किती जमलं होतं आणि हिशोबानं किती यायला हवं होतं?

रात्री उशिरा उत्तर आलं. "मामा, ते पडद्यावर येत नाही. उद्या शिफ्टला गेल्यावर खाली जाऊन बघते."